छत्तिसांतले शेवटचे चार

दिवाळी अंकाच्या संपादकांचे पत्र आषाढात आले. यंदाचा विषय 'रंग आणि प्रवास' असल्याचे कळवून त्यांनी खाली एक ओळ अशी जोडली होती की, लेखकाने रंगांवर घरबसल्या चिंतन करू नये. कुठेतरी जावे, काहीतरी पाहावे आणि मगच लेखणी उचलावी. हे फर्मान वाचत असताना माझ्या टेबलावर एक जुना जपानी कॅमेरा पडून होता, आणि वैशाखात लिस्बन शहराच्या रस्त्यांवरून हिंडताना त्यात भरलेला रंगीत फिल्मचा रोल, छत्तिसांपैकी बत्तीस फोटो निघाल्यावर, उरलेल्या चारांची वाट पाहत त्याच्या पोटात तसाच अडकून होता. रोल अर्धवट धुवायला टाकला तर उरलेले फोटो बुडतात, आणि आजच्या भावात फिल्मचे चार फोटो बुडवण्याची छाती निदान माझ्यापाशी नाही. तेव्हा संपादकांची आज्ञा आणि रोलाची गरज या दोहोंचा मेळ घालून मी कॅमेरा उचलला आणि तो मुळात ज्यांचा, त्या चुलत्यांकडे, म्हणजे शिवथरला निघालो.

महाडहून बिरवाडी मागे टाकून एसटी वरंध घाटाच्या पायथ्याकडे वळली की सावित्रीच्या सपाट खोऱ्यातला मोकळा उजेड संपतो आणि डोंगरांच्या कुशीतला, हिरव्या गाळणीतून गाळल्यासारखा, दमट उजेड सुरू होतो. शिवथर नावाची गावे एक नव्हेत, तीन: कसबे शिवथर, कुंभे शिवथर आणि आंबे शिवथर. एके काळी हा मुलूख जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांच्या अमलाखाली होता, आणि इथली दाट झाडी हेच त्याचे तट-बुरूज होते. भाद्रपद लागला होता, भात पोटरीला आले होते, काळ नदी गढूळपणा टाकून निवळू लागली होती. ओटीवर चुलते लाकडी खुर्चीत बसले होते. त्यांनी माझ्या खांद्यावरच्या कॅमेऱ्याकडे पाहिले आणि माझ्या प्रकृतीच्या आधी त्याची विचारपूस केली.

"आरं, चालतंय का त्ये?"

"चालतंय, काका. चार फोटो उरलेत."

"चार?" ते हसले. "मंग बस. उगा काढू नगंस."

रॉटरडॅम, पाऊस थांबल्यावर

माझ्या चुलत्यांनी उमेदीची वर्षे मालवाहू बोटींच्या इंजिनखोलीत तेलवाला म्हणून काढली. महाड-पोलादपूरच्या माणसाला घाट उतरून मुंबई गाठणे हेच पूर्वी देशांतर होते. कुणी गिरणीत गेले, कुणी पलटणीत. फौजी आंबवड्यासारखे गाव तर याच तालुक्यात आहे, जिथे घरटी शिपाई, आणि त्यातले कितीतरी पहिल्या महायुद्धातच सातासमुद्रापार जाऊन आलेले. परंतु परदेशाला जाणे निराळे आणि परदेश रंगांत पकडून घरी आणणे निराळे. चुलत्यांनी १९७४ साली सिंगापुरात यॅशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन हा कॅमेरा घेतला, जो बाजारात येऊन जेमतेम वर्ष झाले होते, आणि जहाज ज्या ज्या बंदराला लागेल तिथे मिळतील त्या चार-पाच तासांच्या मोकळिकीत ते रस्त्यांचे फोटो काढू लागले. कॅमेऱ्याच्या चामडी खोळीत जकात खात्याचा एक पिवळा पडलेला दाखला अजून घडी करून ठेवलेला आहे. पुढच्या खेपेला निघताना तो काढून घेतला नाही, तर परत येताना आपलाच कॅमेरा परका ठरून त्यावर जकात भरावी लागे.

स्लाइडची पेटी त्यांनी कणगीमागच्या फळीवरून काढायला लावली. पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात प्लास्टिकच्या चार लहान पेट्या, आणि त्यांत पांढऱ्या चौकटीतल्या शंभर-सव्वाशे स्लाइड. ओटीच्या दाराशी उभे राहून, अंगणातल्या उजेडाकडे तोंड करून मी एकेक स्लाइड डोळ्यांशी धरू लागलो. हॅम्बुर्गच्या एका दुकानावरची पट्ट्यापट्ट्यांची कनात. अँटवर्पच्या धक्क्यावर सायकलला टेकून पाव खाणारा मुलगा. आणि मग ती एक स्लाइड, जिच्या चौकटीवर चुलत्यांनी शाईच्या पेनने लिहिले होते, 'रॉटरडॅम, पाऊस थांबल्यावर'.

रस्ता ओला, काळा आणि रिकामा आहे. मधोमध गुडघे टेकून एक कामगार रस्त्यावर पिवळा पट्टा रंगवतो आहे. पट्टा अर्धाच झाला आहे. रंगवलेला भाग ओल्या डांबरावर असा उठला आहे की बाकीच्या चित्रात काही नसते तरी चालले असते. शेजारी रंगाचा डबा, डब्याच्या कडेवरून ओघळलेला एक थेंब, आणि कामगाराच्या निळ्या पाटलोणीच्या गुडघ्यावर उमटलेला तोच पिवळा. उजव्या कोपऱ्यातून बुरशी आत शिरली आहे. भाताची रोपे उपटून पाण्यात धुतली की मुळांचा जो पांढरा, गुंतागुंतीचा, नाजूक पसारा दिसतो, अगदी तसले तंतू डांबरावरून सरकत पिवळ्या पट्ट्याच्या दोन बोटे अलीकडे येऊन थांबले आहेत. फिल्मवरचा थर जिलेटिनचा, म्हणजे प्राणिज. कोकणातल्या पावसाळ्यात बुरशीला त्याहून रुचकर खाद्य कोणते असणार? रंग मात्र जसेच्या तसे आहेत.

हे रंग टिकले यात काकांचे कर्तृत्व थोडे आणि कोडॅक्रोम या फिल्मचे अधिक. अंधारात ठेवलेल्या कोडॅक्रोमचे रंग दशकानुदशके हलत नाहीत. शेजारच्याच पेटीत दुसऱ्या एका जातीच्या स्लाइड होत्या, त्यांच्यातला निळा आणि हिरवा उडून जाऊन सारे जग शेंदरी-गुलाबी झाले होते, जणू सगळ्या बंदरांत एकाच दिवशी रंगपंचमी होती. कोडॅक्रोम १९३५ साली निघाली ती लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की या दोन व्यावसायिक संगीतकारांच्या खटपटीतून. काळोख्या खोलीत घड्याळ दिसत नसल्यामुळे ते ब्राम्सच्या एका सिंफनीची चाल शिटीवर वाजवून धुलाईचे क्षण मोजीत. तिची धुलाई इतकी अवघड की ती कंपनीच्या वा मोजक्या अधिकृत प्रयोगशाळांतच होई, आणि युरोपात रोलाच्या किमतीतच धुलाईचा खर्च धरलेला असे. काकांना ही व्यवस्था मानवली. बंदरात रोल घ्यायचा, पुढच्या सफरीत भरायचा, परत त्याच मुलखात गेले की पाकिटात घालून टपालात टाकायचा.

"पण काका, इंजिनखोलीच्या उष्म्यात रोल टिकायचे कसे?"

"इंजिनखोलीत कोन ठेवतंय? भंडाऱ्याकडं ठेवायचो. मटनाच्या थंड कोठीत."

भंडारी म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी. सुएझचा कालवा १९६७ पासून १९७५ च्या जूनपर्यंत बंद होता, त्यामुळे मुंबईहून युरोपात जाणारी बोट आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून जाई. उष्णतेने फिल्मचे तीन थर सारख्या गतीने बिघडत नाहीत, म्हणून आधी रंगांचा तोल जातो आणि मग चित्र. रॉटरडॅमचा तो पिवळा सोललेल्या बोकडांच्या सोबतीने सुखरूप राहिला, हे मला त्या स्लाइडइतकेच सुंदर वाटते.

स्लाइड पेटीत परत रचताना मला एक चमत्कारिक गोष्ट आढळली. चौकटीवर फोटोचा क्रमांक छापलेला असतो. त्या क्रमांकांनुसार लावत गेलो तेव्हा दर रोलात एकपासून बत्तीसपर्यंत परदेश, आणि तेहतीसपासून छत्तीसपर्यंत शिवथर! हॅम्बुर्गनंतर आजी, हिरव्या लुगड्यात, उखळाशी. अँटवर्पनंतर बैलपोळ्याचे बैल. मी काकांकडे पाहिले.

"चार घरासाठी ठेवायचे," ते म्हणाले, जणू हा नियम सर्वांनाच ठाऊक असतो.

रंग आधी विकत घ्यावा लागतो

फिल्मवर रंगीत फोटो काढणाऱ्याची गोष्ट चित्रकारासारखी नसते आणि मोबाइलधारकासारखीही नसते. चित्रकार रंग पाहून मग कालवतो. मोबाइलधारक आधी टिपतो आणि रंगांचे पुढे पाहून घेतो. फिल्मवाल्याला मात्र घर सोडण्यापूर्वीच, न पाहिलेल्या गावाचा रंग दुकानात उभे राहून ठरवावा लागतो. फिल्म म्हणजे एकावर एक तीन थर: निळ्या, हिरव्या आणि तांबड्या प्रकाशाला जागणारे, धुलाईत त्यांतून अनुक्रमे पिवळे, किरमिजी आणि हिरवट-निळे रंगद्रव्य उपजते. परंतु कोणत्या थराने किती जागायचे, हे प्रत्येक कारखान्याने आपापल्या मर्जीने ठरवलेले असते. कोडॅकच्या पोर्ट्रा ४०० मध्ये माणसांची त्वचा सुखावह येते आणि झगमगीत रंग थोडे वरमतात. एक्टार १०० मध्ये तांबडा पुढे येतो, पण सावळ्या चेहऱ्यावर तो भडकतो. फुजीची व्हेल्व्हिया ५०, १९९० पासून हिरव्या रंगाची नामवंत दलाल, शिवथरच्या पावसाळ्यात नेली तर हिरवा असा माजेल की पाहणाऱ्याला विश्वास वाटणार नाही.

त्यातही निगेटिव्ह आणि स्लाइड हा मूळचा भेद आहे. निगेटिव्हचा स्वभाव दिलदार. प्रकाश दुप्पट-चौपट जास्त पडला तरी ती पोटात घालते. स्लाइड सावकारासारखी काटेकोर: अर्ध्या पायरीची चूक झाली तर उजळ भाग कायमचा जळतो. परक्या गावात, जिथे तो क्षण पुन्हा लाभायचा नाही, तिथे काकांच्या पिढीने स्लाइडवर रस्त्यांचे फोटो काढले, यातले धारिष्ट्य मला आता उमगते. शिवाय त्या काळी भारतात परदेशी मालाची आयात परवान्याशिवाय होत नसे, आणि उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' मुख्यतः कृष्णधवल. रंग हवा तर तो परदेशातूनच आणायचा, म्हणून तो जपून वापरायचा.

या बाबतीत शिवथरला तीनशे वर्षांहून जुनी साक्ष आहे. ज्या घळीत समर्थ रामदासांनी सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला अशी परंपरा आहे, त्या दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेचा आहे, आणि त्यात आध्यात्मिक असे जवळजवळ काहीच नाही: नाना देशांचे बरू आणावे, हिंगूळ आणि आळता संग्रही ठेवावा, शाईचा साठा करावा, समास सोडावा, अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखे यावे, अशा तपशिलांनी तो भरलेला आहे. ब्रह्मज्ञान सांगणाऱ्या ग्रंथाने हिंगुळाची आठवण ठेवावी, हे मला नेहमीच आश्वासक वाटत आले आहे. साहित्याची तजवीज आधी, मग मजकूर.

मुंबई: कुणाचा तरी परदेश

परदेशातला रस्ता रंगांत टिपण्याचा हा छंद आपल्याकडून तिकडे गेला त्याच्या फार आधी तिकडून आपल्याकडे आला. पॅरिसचे धनाढ्य सावकार अल्बेर कान यांनी १९०९ पासून जगभर छायाचित्रकार पाठवून पृथ्वीचे एक रंगीत दप्तर जमवायला घेतले. त्यांपैकी स्तेफान पासे हे १९१३ च्या अखेरीस हिंदुस्थानात आले आणि त्यांनी मुंबईही काचेच्या तुकड्यांवर उतरवून नेली. ती पद्धत ऑटोक्रोमची, ल्युमिएर बंधूंनी १९०७ मध्ये बाजारात आणलेली: बटाट्याच्या पिठाचे सूक्ष्म कण नारिंगी, हिरवे आणि जांभळट रंगवून काचेवर पसरायचे. भर उन्हातही एखाद्या सेकंदाहून कमी वेळात तिला चित्र साधत नसे. म्हणून ऑटोक्रोममधला रस्ता चालत नाही, उभा राहतो, आणि जो कुणी हलला तो धूसर होऊन जातो.

चालत्या रस्त्याला रंगांत पकडण्याचे सामर्थ्य लहान कॅमेरा आणि कोडॅक्रोम यांच्या संयोगाने आले, आणि भारतीयांपैकी ते ज्यांनी पूर्णत्वाला नेले ते रघुबीर सिंह. जन्म १९४२, जयपूर. वास्तव्य हाँगकाँग, पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क. मृत्यू १९९९, न्यूयॉर्क. राहायचे तिकडे आणि फोटो काढायला यायचे इकडे, अशा उलट्या प्रवासात त्यांचे आयुष्य गेले. सभोवतालचे थोर छायाचित्रकार कृष्णधवललाच कला मानीत असताना, आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने विल्यम एगल्स्टनचे रंगीत फोटो भिंतीवर लावून १९७६ साली रंगाला मानाचे पान वाढण्याच्या कितीतरी आधीपासून, रघुबीर सिंह रंगातच काम करीत होते. त्यांची भूमिका थोडक्यात अशी की, कृष्णधवलातली उदासी ही पाश्चात्त्य मनाची उपज आहे. भारतीय दृष्टीला रंग हा वरून चढवलेला शृंगार वाटत नाही, तो आतूनच येतो. हे विधान मला संपूर्ण पटत नाही. आषाढातले शिवथर पाहिलेल्या माणसाला काळ्या-करड्यातही पुष्कळ काही आपले दिसते. तथापि त्यांचे फोटो त्यांच्या सिद्धान्तापेक्षा मोठे आहेत. १९९४ च्या त्यांच्या मुंबईवरील पुस्तकाच्या काळातला झवेरी बाजाराचा १९८९ चा फोटो पाहावा: सराफाच्या पेढीची काच, काचेच्या अलीकडचे गिऱ्हाईक, पलीकडचा रस्ता, आणि दोहोंची सरमिसळ करणारी प्रतिबिंबे. कोण आत आणि कोण बाहेर, याचा निवाडा डोळा करीत राहतो.

या कथेची अखेरही मुंबईला स्पर्श करून गेली. कोडॅक्रोम बंद होत असल्याचे जून २००९ मध्ये जाहीर झाले, तेव्हा स्टीव्ह मॅककरी या अमेरिकी छायाचित्रकाराने कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल मागून घेतला आणि त्यातले छत्तीस फोटो कुठे खर्चायचे याचा हिशेब मांडला. न्यूयॉर्कमधून तो निघाला तो मुंबईत, अमिताभ बच्चन आणि आमीर खान यांच्या चेहऱ्यांपाशी, तिथून राजस्थानातल्या रबारींकडे, मग इस्तंबूल. शेवटचे फोटो कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स या गावी, कारण कोडॅक्रोम धुणारी जगातली अखेरची प्रयोगशाळा तिथेच उरली होती. २०१० सालानंतर तीही ती धुलाई करीनाशी झाली. साऱ्या पृथ्वीसाठी छत्तीस! काकांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले की, त्या गड्याने घरचे किती काढले.

पांढरा दगड, काळा दगड

लिस्बनला मी काकांचाच कॅमेरा नेला, त्यामागे भावनेपेक्षा जिद्द अधिक होती. या कॅमेऱ्याला मूळ लागणारी पाऱ्याची बॅटरी आता निघत नाही. एका नळकांड्यात आजची सहा व्होल्टची बॅटरी बसवून काम भागवावे लागते. छिद्र आपण ठरवायचे, वेळ तो ठरवतो. प्रकाश फार झाला तर तांबडा दिवा, कमी पडला तर पिवळा. विमानतळावर रोल हातातल्या पिशवीतून न्यायचे, सामानात टाकायचे नाहीत, कारण पोटात जाणाऱ्या सामानावरचे किरण उग्र असतात. आणि आता काही विमानतळांवर हातच्या पिशव्यांनाही सीटी जातीची नवी यंत्रे आली आहेत, ज्यांतून न धुतलेला रोल जाऊ देऊ नये. मी पारदर्शक डब्यातले रोल पुढे करून हाताने तपासण्याची विनंती केली. तपासणाऱ्या तरुणाने एक रोल कानाशी हलवून पाहिला आणि 'ह्यात असतं काय?' असे खऱ्या कुतूहलाने विचारले.

पहिल्या दिवसाची कहाणी सांगायला नको, पण सांगतो. रॉसिओ चौकातल्या लाटांच्या नक्षीवरून, पिवळ्या ट्रामच्या मागोमाग, आल्फामाच्या चढणींवरून मी दिवसभर फोटो काढीत गेलो. आकडा छत्तिसाच्या पुढे गेला, अडतीस झाला, चाळीस झाला, तेव्हा कुठे मला घाम फुटला. रोलाचे टोक दातेरी चक्रात अडकलेच नव्हते. दांडा ओढताना डावीकडची गुंडाळायची कळ फिरते की नाही, हे पाहणे हा फिल्मचा ओनामा. तो मी विसरलो होतो. दिवसभर मी लिस्बन नुसते पाहिले. त्यातला एक कबूतर उडवणारा म्हातारा अजून डोळ्यांपुढे इतका स्वच्छ आहे की फोटो निघाला असता तर कदाचित मी त्याला विसरलो असतो.

दुसऱ्या दिवशी कळ फिरताना पाहून बाहेर पडलो आणि मग दगडांनी फसवले. लिस्बनचे पदपथ चुनखडीच्या लहान लहान पांढऱ्या फाडींनी बांधलेले आहेत. त्या पांढऱ्या जमिनीवरून उन्हाचा उजेड उलटून भिंतींवर, दारांत, माणसांच्या हनुवटीखाली चढतो, त्यामुळे तिथल्या सावल्या काळ्या पडत नाहीत; टोपीखालचा चेहराही उजळलेला असतो. रंगीत फिल्मवाल्याला हे वरदान आहे. परंतु कॅमेऱ्याचा प्रकाशमापक सरासरीवर चालणारा कारकून असतो. पांढरे पुष्कळ दिसले की त्याला वाटते उजेड फार झाला, आणि तो हात आखडतो. मग पांढरा दगड राखाडी येतो आणि माणसे काळवंडतात. उपाय जुना आहे: चारशेची फिल्म असली तरी कॅमेऱ्याला दोनशे सांगायचे. कारकुनाला खोटी नोंद दिली की तो खरा हिशेब करतो.

बाइशा भागातल्या एका गल्लीत एक गवंडी बुटक्या स्टुलावर बसून पदपथ दुरुस्त करीत होता. डाव्या तळहातावर दगड फिरवायचा, उजव्या हातातल्या हातोड्याने एक टवका उडवायचा, वाळूत बसवायचा, वर दोन ठोके. एकही दगड मोजलेला नाही आणि एकही बेमाप नाही. निळी पाटलोण, मागे नारिंगी प्लास्टिकचे कुंपण, पांढऱ्या दगडांचा ढीग. मी दोन फोटो काढले, एकतीस आणि बत्तीस, आणि पाऊस आला. हे चित्र मला कुणी दाखवले, हे त्या वेळी मला कळले नाही. शिवथरच्या ओटीवर रॉटरडॅमची स्लाइड डोळ्यांशी धरली तेव्हा कळले: लहानपणी मी ती शंभरदा पाहिली होती.

फोटो काढण्यापूर्वी मी गवंड्याला हातानेच विचारले होते, आणि त्याने मानेनेच होकार दिला होता. पोर्तुगालच्या १९६६ च्या नागरी संहितेत माणसाचा स्वतःच्या प्रतिमेवरचा हक्क मान्य केलेला आहे, सार्वजनिक जागेतल्या दृश्याला त्यातून सूट ठेवून. जर्मनीत तसला कायदा १९०७ पासून आहे. परंतु वाटसरूच्या हाती कायद्यापेक्षा रीतच उपयोगी पडते, आणि ती कोकणातलीच आहे: परक्याच्या अंगणात शिरताना खाकरावे. मॉरारियाच्या मार्तिम मोनिझ चौकात बांगलादेशी दुकानदारांच्या कोथिंबीर-मिरच्यांच्या पेट्या मांडलेल्या असतात, तिथे एका दुकानदाराने, "इंडिया?" असे विचारून, मला स्टुलावर बसवून चहा पाजला आणि मग, कॅमेऱ्याकडे बोट दाखवून, नको म्हणून मान हलवली. तो फोटो नाही. चहा उत्तम होता.

घळीत

शिवथरला आल्याच्या तिसऱ्या दिवशी, पाऊस उघडल्यावर, मी शिवथरघळीत गेलो. धुळ्याच्या सत्कार्योत्तेजक सभेचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली ही घळ शोधून काढली, तोवर ती झाडीत आणि लोकांच्या विस्मरणात बुडालेली होती. घळीच्या तोंडाशीच धबधबा कोसळतो. आत काळोख, बाहेर पांढरा शुभ्र झोत. या दोन टोकांमधले अंतर स्लाइडच्या आवाक्याबाहेरचे, निगेटिव्हलाही जडच. इथला दगड काळा, सह्याद्रीचा बेसाल्ट, पावसात भिजून अधिक काळा. त्यावर पडलेला उजेड तो गिळून टाकतो, परत देत नाही. आता कारकुनाची चूक उलटी: काळे पाहून तो सढळ हाताने उधळणार, म्हणून त्याला चारशेऐवजी आठशे सांगितले. लिस्बनला जे दुप्पट द्यावे लागले ते शिवथरला निम्म्याने राखावे लागले. तेहतिसावा फोटो तिथे काढला: ओली पायरी, आणि तिच्यावर कुणीतरी उतरवून ठेवलेल्या निळ्या रबरी चपला.

चौतिसावा ओटीवरचा, कणगीचा. पस्तिसावा काकांचा. उभे राहायला सांगितल्यावर ते इंजिनखोलीतल्या हजेरीला उभे राहावे तसे ताठ उभे राहिले, मग मी दांडा ओढून ठेवला आणि ते हसून खुर्चीत बसू लागले तेव्हा, अर्धवट वाकलेले असताना, कळ दाबली.

"छत्तिसावा?"

"त्यो राहू दे. निघताना येष्टीतनं काढ."

निघताना पुन्हा पाऊस लागला. एसटीच्या काचेवर वाफ धरली होती, काका फाट्याच्या पिंपळाखाली छत्री धरून उभे होते, कॅमेऱ्याचा पिवळा दिवा लागला होता. उजेड पुरणार नाही, हात हलेल, असे तो बजावीत होता. मी कळ दाबली आणि त्यापुढे दांडा जेमतेम अर्धा सरकून थांबला.

धुलाई

मुंबईत रंगीत निगेटिव्ह धुणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. धुलाईची पद्धत सी-४१ या नावाची, १९७२ पासून चालत आलेली. रसायनाची उष्णता ३७.८ अंश, म्हणजे थोडा ताप आलेल्या माणसाच्या अंगाएवढी, आणि त्यात रोलाने तीन मिनिटे पंधरा सेकंद राहायचे. अर्ध्या अंशाने चुकले तरी रंग सरकतात. धुतलेली पट्टी सहा-सहा फोटोंच्या तुकड्यांत कापून देतात. शेवटच्या तुकड्यात एकतीसपासून छत्तीस, म्हणजे बाइशाच्या गवंड्याचे दोन आणि शिवथरचे चार, एकाच नारिंगी पट्टीवर, मध्ये केसाएवढी फट.

निगेटिव्हवरचा रंग हा अखेरचा रंग नसतो, हे फिल्मचे गोडवे गाणारे सहसा सांगत नाहीत. तिच्यावर नारिंगी झाक मुद्दाम ठेवलेली असते. ती वजा करून, पडद्यावर पाहून, खरा निळा कोणता आणि खरा पांढरा कोणता, हे स्कॅन करणारा माणूस ठरवतो. तो माणूस गवंड्याच्या गल्लीत गेलेला नसतो आणि घळीतही नाही. माझ्या पट्टीला बसलेल्या मुलाने ती एकाच ठिकाणची समजून सहाही फोटोंना एकच हिशेब लावला होता, आणि हिशेब धरला होता तो शेवटच्या चारांवरून. परिणामी लिस्बनची चुनखडी किंचित हिरवट, गार झाली होती. गवंड्याच्या पाटलोणीचा निळा काळपट पडला होता. नारिंगी कुंपण पावसात भिजल्यासारखे दिसत होते. मी तो लिफाफा घेऊन दुकानाच्या काउंटरशी थोडा वेळ उभा राहिलो. दुरुस्ती मागितली असती तर त्याने पाच मिनिटांत करून दिली असती.

सहाही फोटोंचे कागदी प्रिंट काढून मी ते रजिस्टर टपालाने शिवथरला धाडले. आठवड्याने काकांचा फोन आला. छत्तिसावा हलला आहे, हे त्यांनी आधी सांगितले, आणि पस्तिसाव्यात आपण पडतो आहोत असे दिसते, अशी तक्रार केली. मग बराच वेळ ते बोलले नाहीत. कागद उलटसुलट करीत असल्याचा आवाज येत राहिला.

"त्यो दगड घडीवणारा," ते म्हणाले, "त्येच्याकडं बी आपल्यावानी पाऊस व्हता का रं?"